शेरिलची रूबी आणि आमचं छप्पर

आमच्या घरातून आजवर एकच जीव पळून गेला आहे, आणि तो आमचा नव्हता.

रूबी ही शेजारच्या शेरिलची पोपटीण. जात मूळची सॉलोमन बेटांच्या जंगलातली. अंग लालभडक, छाती जांभळी-निळी, आणि जीव सगळा फळांत. शेरिल लेकीकडे पोरिरुआ शहरात निघाली, तेव्हा मीच छाती फुगवून म्हणालो, "नो वरीज! आम्ही सांभाळू." पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई पुटपुटली, "याला स्वतःचे मोजे सांभाळता येत नाहीत."

निघताना शेरिलचे डोळे भरून आले. कारण रूबी दुपार झाली की म्हणते, "पुट द जग ऑन, लव्ह!" (चहाचं आधण ठेव, असं.) आवाज थेट बॅरीचा, म्हणजे शेरिलच्या नवऱ्याचा. बॅरी गेला. त्याचा आवाज आता या पाखरापाशीच उरला आहे.

आणि अशा पाखराच्या पिंजऱ्याचं दार मी पपईची फोड ठेवायला सताड उघडलं! मागचं सरकतं काचेचं दार, म्हणजे स्लायडर, तेही उघडंच होतं. (ते कोणी उघडं ठेवलं यावर घरात एकमत आहे. फक्त मी त्यात नाही.) भर्रकन एक लाल पट्टा माझ्या कानाजवळून गेला तो थेट आमच्या दुमजली घराच्या छपरावर!

"गेला!" मी किंचाळलो.

"कोण?" माझी बायको मानसी मीटिंग सोडून धावत आली.

"बॅरी!"

वरून आवाज आला, "पुट द जग ऑन, लव्ह!" शेरिल त्याच दुपारी परतणार होती. नवरा एकदा गमावलेल्या बाईला मी काय सांगणार? पुन्हा गेला म्हणून?

मी शिडी लावली. पायांत जँडल्स (इथल्या रबरी सपाता), हातात पपई.

"निखिल, उतर! पत्रा ओला आहे!" मानसी ओरडली.

मी कसाबसा वर पोचलो आणि माझीच लाथ लागून शिडी कोसळली, ती आईच्या वाफ्यात.

"अरे देवा, माझी मेथी!" आई कळवळली. मुलगा छपरावर अडकलाय, हे तिच्या जरा नंतर लक्षात आलं.

मी एक पाऊल सरकलो की रूबी दोन पावलं लांब. पपई घरंगळत खाली गेली. एक जँडलही गेली. मी आढ्याला मिठी मारून डोळे मिटले.

मग आई द्राक्षांची वाटी घेऊन अंगणात उभी राहिली. "ये गं बाई माझी. त्या वेड्याकडे बघू नकोस."

आणि रूबी सुळकन तिच्या खांद्यावर उतरली! दोघी घरात गेल्या. स्लायडर आतून बंद झालं.

शिडी वाकली होती. शेवटी मानसीने फायर ब्रिगेडला फोन केला. त्यांची गाडी आणि शेरिलची टॅक्सी एकदमच आल्या.

"माझी रूबी?" शेरिल पांढरीफटक पडली.

"ती मजेत आहे. पिंजऱ्यात द्राक्षं खातेय," मानसी म्हणाली.

"मग वर कोण आहे?"

मी हात हलवला. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार केला. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या महिन्यात शेरिल पुन्हा लेकीकडे निघाली आहे. परवा तिने कुंपणावरून आईला विचारलं, "दोघांनाही सांभाळाल ना?"

"पाखराची हमी देते," आई म्हणाली.

मानसीने याचं शब्दन् शब्द भाषांतर करून शेरिलला सांगितलं.