पाटलांच्या दारातली वाजंत्री

बदलापूर गावात पाटलांच्या दारावरून वरात निघाली की वाजंत्री बंद व्हायची. सनईवाला सनई खाली घ्यायचा, ताशेवाला काड्या काखेत धरायचा. आतून पानसुपारी आली की मगच पुढे वाजायचं. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, हे मात्र तसंच.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एका कारखान्यात कामाला असलेल्या मुलाशी ठरलं. तिचं मागणं एकच: माझी वरात कुणाच्या दारात मुकी व्हायची नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. म्हटलं, बाबांना मी पटवतो.

बसून नीट समजावलं. मोगल दरबारात नगारा म्हणजे नुसती करमणूक नव्हती, सत्ता होती. बादशहा मर्जीतल्या सरदारालाच तो वाजवायचा मान द्यायचा, आणि बादशहाचा मुक्काम जवळ असला की त्या सरदारानेही गप्प बसायचं. कोण कुणासाठी थांबतो, यावरून मालक कोण ते लोकांना कळायचं. पाटलांचंही तेच चाललंय. बादशहा गेले, मग आपण कशाला थांबायचं?

बाबांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "म्हंजे ही रीत बादशहाच्या वेळची हाय? मंग तर मोडून चालायचंच नाय."

वर त्यांनीच कौतुकाने हे पाटलांच्या ओटीवर जाऊन सांगितलं. थोड्याच दिवसांत गावभर झालं की पाटलांचा मान थेट दिल्लीहून आलाय, शिकलेल्या पोराने पुस्तकात वाचलंय.

वरातीच्या दिवशी मी वाजंत्रीवाल्यांना बजावलं, थांबायचं नाही. ते हो म्हणाले, आणि दार आल्यावर थांबले. बुवापाड्याची मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. बहिणीने मुंडावळ्यांआडून माझ्याकडे बघितलं. मी भांडायला पुढे सरणार, तेवढ्यात पाटील स्वतः फेटा बांधून बाहेर आले.

"बी.ए. झालेल्या पोराची भन हाय," ते म्हणाले. "आज आमच्या दारात वाजवायची मुभा दिली."

सनई लागली, ताशा कडाडला. बाबा पाटलांच्या पाया पडायला धावले. मी बहिणीच्या कानाशी लागून सांगू लागलो, अगं, यांच्या परवानगीने वाजवलं म्हणजे यांचंच राज्य मान्य केलं, बादशहासुद्धा असंच...

"दादा," ती म्हणाली, "वाजतंय ना? मंग जरा गप ऱ्हा. ऐकू दे."