ओटीतला नारळ

तांदूळ, हळद आणि नारळ यांचा एकत्र वास आला की मला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातला वजनकाटा आठवतो. बायकोला आठवा महिना होता. दर पंधरा दिवसांनी आम्ही जीपने तपासणीला जायचो आणि तिच्या वजनाचा आकडा मी पाठ ठेवायचो. त्या दिवशी काटा मागच्यापेक्षा एक किलो खालीच थांबला. नर्सबाईंनी तिला उतरवून पुन्हा चढवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काऊन भाऊ, बाईले जेवाले देत नाई का? वजन उतरून राह्यलं!" बाळ वाढत नाही की काय, या विचाराने मी वाकून तो आकडा पुन्हा वाचला. बायको पदर चाचपत उभी होती. ती हळूच म्हणाली, "मागच्या खेपेले येताना मावशीनं माही ओटी भरली होती. नारळ, तांदूळ कमरेले बांधूनच काट्यावर चढली." "मंग उतरवून नाई ठेवाचं?" नर्सबाईंनी विचारलं. "भरली ओटी घरी गेल्याबिगर कशी सोडाची, बाई?" नर्सबाई हसत सुटल्या. तरी त्यांनी पोटाला नळी लावून ठोके नीट ऐकले आणि म्हणाल्या, "मस्त आहे लेकरू." मी मनात हिशेब केला. मागच्या आकड्यातून ओटीचे दोन किलो वजा केले, तर वजन एक किलोने वाढलंच होतं. गेल्या आठवड्यात तेच लेकरू, आता स्वतः गरोदर असलेली आमची मुलगी, आठव्या महिन्याच्या तपासणीला निघालं. शेजारीण ताट घेऊन ओटी भरायला आली, तर बायको दारातच आडवी आली आणि म्हणाली, "थांब बाई, आधी तिले काट्यावरून उतरून येऊ दे."