रोझी टीचरांचा निरोपाचा कार्यक्रम

परवा आईची बोटं आखडली म्हणून तिला गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे वितळलेल्या मेणाचा वास आला आणि एकदम रोझी टीचर आठवल्या.

टीचर मला पियानो शिकवायच्या. वाजवताना त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळू लागली होती. तीन वर्षं रोज कोमट मेणात हात बुडवून, लहान मूल गिरवतं तसा एकेक सूर पुन्हा गिरवून त्यांनी ती सरळ केली आणि मगच निरोपाचा कार्यक्रम ठरवला. मी सतरा वर्षांची होते. नोटेशनची पानं उलटायला त्यांच्या शेजारी उभी होते.

शेवटच्या रचनेत करंगळी पुन्हा वळली. मग तिच्या शेजारचं बोट. वीतभर अंतरावरून मी ते नुसतं बघत राहिले. मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

"पान," टीचर पुटपुटल्या. मी पान उलटलं.

त्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी, मधले सूर सोडत, त्यांनी रचना शेवटाला नेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "किती सूर गेले गं?"

"एकही नाही, टीचर."

त्यांनी हात पदराखाली घेतला.

तेव्हा वाटलं, आपण त्यांना सांभाळून घेतलं. आता टीचर नाहीत, आणि वाटतं, खरं सांगू शकणारी मी एकटीच होते, मीच त्यांना एकटं पाडलं. अकरा सूर गेले होते. मी प्रत्येक मोजला होता.