पहिले गणित, मग कण

कणभौतिकीचं कोणतंही पुस्तक हाती आलं की सर ते मागून उघडायचे. शेवटी सोडवायची उदाहरणं नसली, तर एका बोटाने ते माझ्या टेबलावर परत सरकवायचे. "गोष्टीचं पुस्तक आहे, ग्रंथपाल साहेब. कादंबऱ्यांत ठेवा."

मी वणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना गावात कुणीच आपल्या तोडीचं दिसत नाही. त्यांच्या मते प्राचार्य कारकून होते, सहकारी गाइडं वाचणारे, आणि मी पुस्तकांचा चौकीदार.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर येऊन कसे विखुरतात, ते पहिल्या ओळीपासून उत्तरापर्यंत स्वतःच्या हाताने मांडायचं. त्यासाठी एक जाडजूड ग्रंथ त्यांनी मागवून घेतला होता. तो तसाच पडून होता. "पहिले गणित," ते म्हणायचे. मॅट्रिक्स झालं, मग संमिश्र संख्या, मग ग्रुप थिअरी. ती कच्ची वाटली म्हणून पुन्हा मॅट्रिक्स. मांडवच घालत बसलेल्या नवरदेवासारखं ते चाललं होतं. मला त्याचं हसू यायचं.

कापसाचे वाईट दिवस होते. जिनिंगबाहेर गाड्या ताटकळत उभ्या असत आणि वर्गातली मुलं डी.एड.चे अर्ज भरत. सर त्यांना म्हणायचे, "जा, जा. अ आ ई शिकवा. तुमच्याच्यानं तेवढंच होईल."

त्यातच पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावरची मुलगी त्यांना म्हणाली, "सर, मले कणभौतिकी शिकाची हाय."

सरांनी गणिताच्या पुस्तकांची नावं एका दमात सांगितली. "एवढं करून ये. म्हातारी होशील तोवर."

ती माझ्याकडून एक बारीक पाठ्यपुस्तक घेऊन गेली. त्यात गणित परिशिष्टात उरकलेलं, म्हणून सरांनी ते टाकाऊ ठरवलं होतं. शंका आली की ती वाचनालयात सरांना गाठायची.

"ग्रुप थिअरी केली का?"

"नाही सर. अडलं का तेवढंच शिकून राह्यली."

"पाया नाही अन् माडी बांधून राह्यली!"

"आमच्या तांड्यावर पहिले छप्परच टाकतात सर. कुडाच्या भिंती मागून."

हिवाळ्यात तिने दोन इलेक्ट्रॉनांच्या त्याच टकरीचं गणित पूर्ण करून सरांपुढे ठेवलं. सर बराच वेळ तपासत राहिले. "इथं चिन्ह चुकलं," ते नेहमीच्या सुरात म्हणाले. तिने चिन्ह सुधारलं. उत्तर आलं.

ती गेल्यावर ते म्हणाले, "नशीब आहे पोरीचं, दुसरं काय." मग माझ्याकडे न बघता, "ते बारीक पुस्तक... आहे का कपाटात?"

त्यानंतर ते कोपऱ्यातल्या टेबलाशी सगळ्यांकडे पाठ करून बसू लागले. छातीत दुखायचं. डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितलं होतं. "त्याले त्रैराशिक येत नाही," म्हणून सरांनी ते उडवून लावलं.

एका दुपारी मी मागून गेलो. कागदावर दोन इलेक्ट्रॉनांच्या पेन्सिलीने काढलेल्या रेषा एकमेकींकडे येत होत्या. मधली जागा कोरी होती. त्यांनी तळहाताने कागद झाकला.

"काय पाहून राह्यले, ग्रंथपाल साहेब? भिडले नाहीत अजून."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी दिली. "सरांनी आयुष्यभर कणभौतिकीचं संशोधन केलं," प्राचार्य शोकसभेत म्हणाले. यावर सर काय बोलले असते, ते त्या सभेत बहुधा मला एकट्यालाच ऐकू आलं.