पंचमीला न खणलेले खड्डे

तेर गावच्या कोंडीरामानं उभी हयात गाड्यांची इंजिनं उतरवण्यात घालवली. धाराशिवच्या गॅरेजात होता तवर त्याच्या हाताखाली कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही, आणि ह्याचा त्याला केवढा तोरा! तीन लोखंडी पाइपांची तिवई, मधे वजन ओढायची चेनकप्पी, आणि प्रत्येक पाइपाचा पाय हातभर खड्ड्यात. खड्डा नसेल तर भले मालक बोंबलू दे, गडी साखळीला हात लावायचा नाही. "वजन वर गेलं की पाय फाकत्यात," म्हणायचा, "मग पळायला जागा गावत न्हाय."

आणि असला माणूस स्वतःच्या अंगणात चुकला. चुकला कसला, बायकोचं मन राखायला गेला.

गॅरेज सोडल्यावर घरची जुनी जीप धंद्याला लावायचं त्यानं ठरवलं. त्यासाठी दुरुस्तीला इंजिन बाहेर काढायचं होतं. श्रीशैल, गॅरेजातला जुना सोबती, चेनकप्पी घेऊन आला तो नेमका नागपंचमीला. दुसऱ्या दिवशी ती त्याला कामावर लागणार होती. खड्डे घ्यायला कोंडीरामानं पहार उचलली, तशी त्याची बायको अयोध्या दारातनं धावत आली.

"अवं, आज भुईला लोखंड लावायचं न्हाय! पंचमी हाय, ठाऊक न्हाय व्हय?"

पंचमीला खणायचं नाही हे साऱ्या गावाला ठाऊक. पण अयोध्येचं दुखणं निराळं. तिचा एकुलता भाऊ पान लागून गेला होता. सापाचं नावसुद्धा ती तोंडानं घेत नसे. तिचे डोळे भरून आले. ते कोंडीरामाला कधीच बघवत नसे. त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि पाइपांच्या पायांना नुसते दगड लावले. अंगण सणासाठी नुकतं शेणानं सारवलेलं, अजून ओलं. अरे देवा, हे त्याला दिसलं नसेल का? दिसलं होतं.

इंजिन अलगद वर आलं. खालनं जीप काढायला श्रीशैल ती मागं ढकलू लागला. जीपचा कोपरा लागून इंजिन झुललं आणि तिवईचा एक पाय दगडासकट सरकला. कोंडीराम समोरच उभा. ओट्यावरनं अयोध्या ओरडत धावली, नवऱ्याला तिनं बाजूला लोटलं, आणि तिचा उजवा हात इंजिनाखाली राहिला.

दवाखान्यात तो मनगटापासनं काढावा लागला.

तेव्हापासनं जीप इंजिनाविना तशीच उभी आहे. कोंडीराम अयोध्येची वेणी घालतो, भाकरी थापतो. जाड होतात, करपतात. ती मुकाट खाते. भेटायला आलेल्यांना सांगते, "पन आमी पंचमी मोडली न्हाय." ते ऐकलं की तो उठून परसात जातो. आपण जगून काय केलं, हेच त्याच्या मनात घोळत राहतं.

यंदा पंचमीला बायका गाणी म्हणत वारुळाला निघाल्या. अयोध्या गेली नाही. एका हातानं फेर कसा धरायचा? ती ओट्यावर बसून राहिली. कोंडीरामानं भिंतीची पहार उचलली आणि भर सकाळी, सगळ्या आळीदेखत, अंगणात खड्डा घेतला. मग दुसरा. मग तिसरा. हातभर खोल.

अयोध्येनं त्याला अडवलं नाही. त्याचं खणून झालं तेव्हा तिनं विचारलं, "तवा कशाला ऐकलंत माझं?"

इतक्या दिवसांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. कोंडीरामानं पहार खाली ठेवली.

"तू रडत हुतीस," तो म्हणाला.

अयोध्या त्याच्याकडं बघत राहिली. आज तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.