समुद्राचं दारं धरणारा माणूस

ओहोटीची वेळ काढताना मी अडीच तास वजा करायच्या ऐवजी मिळवले. साताऱ्यातल्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातला भरती-ओहोटीचा धडा तर मी पुस्तक न उघडता घ्यायचो. फळ्यावर पृथ्वी काढायची, शेजारी चंद्र काढायचा, दोन्ही बाजूंनी समुद्र फुगवून दाखवायचा... आणि निवृत्तीनंतर खऱ्या समुद्रापुढे गाडी उभी करायची वेळ आली, तेव्हा तिसरीतल्या पोराला जमेल ते गणित चुकवलं. त्यानंतर तेविसाव्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सुऱ्या, ये. दाजी गेलं तुझं." मी चप्पल घालायची म्हणून हातात घेतली आणि ती तशीच हातात धरून गाडीत जाऊन बसलो. साताऱ्यापासून वाळव्याकडच्या त्यांच्या गावापर्यंत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या त्या अडीच तासांनी दाजींना नेलं का?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कृष्णाकाठी चार एकर ऊस आणि नदीवर सामाईक मोटर. त्यांचं सगळं आयुष्य पाणी पाजण्यात गेलं. पाटातून आलेलं पाणी सरीत सोडायला खोऱ्यानं माती ओढून जी वाट करतात तिला आमच्याकडं दारं म्हणतात, आणि पाणी पाजायला उभं राहणं म्हणजे दारं धरणं. दाजींसारखं दारं धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ओंजळभर माती इकडची तिकडं सरकवून ते पाण्याला हवं तिथं वळवायचे, आणि पाणीही लहानपणापासून ओळख असल्यासारखं मुकाट्यानं वळायचं. मी एकदा हौसेनं त्यांचं खोरं हातात घेतलं, तर अर्ध्या तासात शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पाणी. तेव्हापासून त्यांच्या शेतात मला फक्त बांधावर बसायची परवानगी होती.

त्यांना समुद्र पहिल्यांदा मी दाखवला. बरीच वर्षं झाली त्याला. ऊस कारखान्याला गेला होता, दाजी मोकळे होते, मी नवी गाडी मिरवायला निघालो होतो. अक्का, दाजी आणि मी कराडवरून कोयनानगर, पुढं कुंभार्ली घाट उतरून गुहागरच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर गेलो. भूगोल आधीच माझ्या तोंडाशी येऊन बसला होता. दाजींनी गाडीतून उतरल्यावर चप्पल काढली आणि गाडीखाली सरकवून ठेवली. देवळात सहसा न जाणारा हा माणूस, गावच्या जत्रेतसुद्धा बाहेर पारावर बसायचा. मी विचारलं तर म्हणाले, असू द्या. मग घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले ते राहिलेच. अक्काला ते सारखं हलणारं पाणी बघून गरगरायला लागलं, ती गाडीत जाऊन बसली आणि पुन्हा कधी आली नाही. दाजींनी बऱ्याच वेळानं मला विचारलं, हे रोज येतं-जातं तर सोडतं कोण? मी चंद्राचा सगळा धडा घेतला. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "म्हंजे चंद्र पाणी सोडणारा पाटकरी म्हणा की. पर ह्याच्याकडं कुणाचा वशिला चालत न्हाई."

तेव्हापासून दर वर्षी ऊसतोड संपली की आम्हा दोघांची ती फेरी ठरलेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पोत्यात गुंडाळून आखूड दांड्याचं खोरं बरोबर घेतलं. मला वाटलं, वाटेत कुठं शेत बघायचंय. किनाऱ्यावर पोचल्यावर या साठीच्या माणसानं ओल्या वाळूत पाट काढला, चार सऱ्या पाडल्या आणि लाट आली की दारं मोडून एकेक सरी भरायला सुरुवात केली. आजूबाजूची मंडळी हसत होती. मला लाज वाटली म्हणून मी जरा लांब जाऊन, हा माणूस आपल्याबरोबर नाही असं दाखवत उभा राहिलो. परतताना घाटात त्यांनी सांगितलं, शेतात दारं धरताना कायम भ्या असतं. लाइट जाईल, पाण्याची पाळी संपंल, पाट फुटंल. हितं कसलंच भ्या न्हाई. कितीबी सोडा, संपत न्हाई... सांगताना त्यांचा चेहरा असा होता की मी पुढची थट्टा सोडून गिअर बदलला. त्याच्या पुढच्या वर्षीपासून खोऱ्याबरोबर एक बाटली यायला लागली. आपल्या नदीकाठच्या मळीच्या रानाजवळचं कृष्णेचं पाणी भरून आणायचे आणि समुद्रात ओतायचे. मी शिक्षकी अक्कल पाजळली, दाजी, कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून पूर्वेला जाते, हा समुद्र पश्चिमेचा. ते म्हणाले, तवाच आणतो. उगवली तवा समुद्र पाठीशी होता, हिनं मागं वळून बघितलंच न्हाई. एवढ्या लांबचं चालून मरती. एक बाटली तरी जवळच्यानं भेटू दे.

यंदा मात्र डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, दमायचं नाही. अक्कानं समुद्राचं नाव घरात काढायचं नाही अशी तंबी दिली आणि मला वेगळा फोन करून वेगळी दिली; मीही नेणार नाही असा शब्द दिला. चार दिवसांनी दाजींचा फोन. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं फोनच बिघडलाय. "मास्तर, यंदा राहिलं तर राहिलंच वो." मी अक्काला दिलेला शब्द तिथल्या तिथं मोडला. सांगलीला पुतणीचं डोहाळजेवण बुधवारी होतं, अक्का तिथं मुक्कामाला जाणार होती. बुधवारची ओहोटी किती वाजता ते मी किनाऱ्यावरच्या खानावळवाल्याला विचारून ठेवलं. पाच वाजता. मग डोहाळजेवण सुटीच्या दिवशी म्हणून रविवारवर आलं. तीन दिवस अलीकडे. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणजे तीन दिवसांचे अडीच तास. मोबाइलवर बघता आलं असतं, पण फळ्यावर जन्मभर चंद्र काढलेल्या माणसानं मोबाइलला विचारायचं म्हणजे फारच. मी अडीच तास पाचात मिळवले. साडेसात. खरी ओहोटी अडीचलाच होऊन गेली होती.

आम्ही पाचाच्या सुमारास पोचलो. रस्त्यापासून पाण्यापर्यंत दोनशे पावलं भुसभुशीत वाळू, आणि दाजींना वीस पावलांत धाप लागत होती. मी म्हटलं, पाणी अजून अडीच तास ओसरतंय, गाडीच खाली नेऊ. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. पाण्यापासून वीस-पंचवीस हातांवर गाडी लावली, घडीची खुर्ची मांडली. दाजींनी चप्पल गाडीतच काढून ठेवली. बाटली ओतली, रिकामी बाटली पुढ्यात वाळूत खोचली आणि मला पाट काढायला लावला. मी खोरं चालवत होतो आणि ते खुर्चीतून म्हणत होते, "आवं मास्तर, धरलायसा कसं? पेन न्हवं ते." बऱ्याच महिन्यांनी ते हसत होते. मीही मुद्दाम जरा जास्तच वेडंवाकडं खणलं. नंतर ते पाण्याकडं बघत म्हणाले, पाणी चढतंय. मी म्हटलं, नाही दाजी, ओसरतंय. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी हसून चंद्राकडून सुरुवात केली. त्यांनी बोट बाटलीकडं दाखवलं. मी वळेपर्यंत लाट आली आणि बाटली घेऊन गेली.

मी गाडीकडं पळालो. गाडी सुरू झाली, चाकं फिरली, पण गाडी पुढं न जाता खाली गेली. मी आणखी जोरात दाबलं, ती आणखी खाली. पुढच्या चाकाला फेस लागला. दाजींना आधी वर न्यायचं की गाडी काढायची, एवढाच प्रश्न होता, आणि लिहायला लाज वाटते, पण पहिली काही मिनिटं मी गाडीच काढत होतो. त्यांच्या गोळ्यांची पिशवी गाडीत होती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या वेळी मनात गोळ्या नव्हत्या. खिडकीतून बघतो तर दाजी खुर्ची सोडून पाण्यातून माझ्याकडं येत होते, हातात खोरं. म्हणाले, इंजिन बंद करा. मी उतरून त्यांचं मनगट धरलं. डॉक्टरांची आठवण करून दिली, अक्काची करून दिली, हात जोडले. ते म्हणाले, "डॉक्टरला पाणी पाजाय येतं का? सरका."

पुढचा पाऊण तास मी अजून नीट सांगू शकत नाही. त्यांनी समुद्राच्या अंगाला वाळूचा कमानीसारखा बांध ओढला आणि चाकांच्या खड्ड्यांतलं पाणी उताराला काढून द्यायला दारं फोडलं. लाट आली की बांध खचायचा, ते पुन्हा ओढायचे. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, मधेच दांड्यावर कपाळ टेकून थांबायचे. ओठ जांभळे झाले होते. मी दोन्ही हातांनी वाळू उपसत होतो, त्यांना थांबा म्हणत होतो आणि आतून, ते थांबले तर आपलं काय, असंही वाटत होतं. त्यांनी मला दोनदाच हाक मारली, दोन्ही वेळा मी दारं चुकीच्या बाजूला फोडत होतो म्हणून. खड्ड्यातलं पाणी मात्र उतरत होतं. बांधाच्या त्या बाजूला गुडघाभर पाणी, या बाजूला चाकाखालची वाळू उघडी पडत चाललेली. तेवढ्यात वरच्या वाडीतला एकजण जीप आणि दोर घेऊन आला. नंबरप्लेट बघून म्हणाला, एमएच अकरा? दर रविवारी एक तरी घाटावरचा असतोच. मग बांधाकडं बघून विचारलं, हे कोणी केलं? दाजींनी हात वर केला, वर्गातल्या पोरानं करावा तसा. तो म्हणाला, हे नसतं तर गाडी गेलीच होती, काका.

दोर लागला, गाडी निघाली. दाजींना आम्ही दोघांनी धरून कोरड्या वाळूवर आणलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गोळी जिभेखाली ठेवली आणि मी समोर उकिडवा बसलो. त्यांचे डोळे मिटलेले, छाती वरखाली. मागं भरतीनं आमचा बांध, सऱ्या, खुर्ची, सगळं नेलं. मी अक्काला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं... किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले, पाण्याकडं बघितलं. "मास्तर, आज आख्ख्या समुद्राचं दारं धरलं," म्हणाले, आणि असे हसले की जीपवालाही हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी परतताना कोयनेच्या वळणांवर मी त्यांना विनवलं, अक्काला यातलं काही कळू देऊ नका. आपण गेलो, खुर्चीत बसलो, आलो. ते "व्हय" म्हणाले आणि झोपले. मला त्या एका शब्दावर बावीस रात्री शांत झोप लागली. त्यानंतर लागली नाही.

तेराव्याला पंगती उठल्यावर मी मळ्यात गेलो. मोटरच्या खोलीत दाराआड दाजींची तीन खोरी लावलेली असतात. दोन तेलानं पुसून लखलखीत. तिसरं गंजानं लाल, वर मिठाचा पांढरा थर, दांड्याच्या खाचेत वाळू. खोऱ्याला रात्रभर माती राहू न देणारा माणूस... मी ते हातात घेतलं आणि मागं अक्का उभी. ती म्हणाली, मी धुवाय घेतलं हुतं, धुवू दिलं न्हाई. म्हणाले, समुद्राचं हाय, ऱ्हाऊ दे.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. बुधवार, रविवार, अडीच तास, वाळूत घातलेली गाडी, त्यांच्या हातातलं खोरं, आणि मी आधी गाडीकडं पळालो तेही. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं, खोऱ्याच्या पात्याकडं बघून बोलत होतो. शेवटी म्हटलं, अक्का, मीच मारलं त्यांना.

अक्का मग म्हणाली की सांगलीवरनं ती आली त्याच संध्याकाळी दाजींनी तिला सगळं सांगितलं होतं, दोन वेळा, उभं राहून, हातवारे करून. मी कुठं दारं चुकवलं तेसुद्धा. सांगून झाल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. वरीस झालं, एवढं जेवलेलं तिनं बघितलं नव्हतं.

एवढं बोलून तिनं माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं, होतं तिथं दाराआड लावलं आणि पदरानं हात पुसले.

"सुऱ्या, तुला धड खोरं धरता येत न्हाई. तू कुणाला काय मारतोयस?"