वाघाटीने धरलेला माणूस

अनया, निहार, तुम्ही वाघाटी पाहिलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात मी लष्करात डॉक्टर होते, हुद्दा कॅप्टन. एका पावसाळ्यात आमचा ट्रेनिंग कॅम्प मुलुंडच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी होता. साडेपाचला पी.टी., सातला सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. बहुतेकांचे पाय चिखलाने कुजलेले.

जंगलाच्या कडेने, नाल्याच्या काठावर वाघाटी माजली होती. ऐनाच्या झाडांवर चढलेली चिवट वेल. पानापानापाशी मागे वळलेल्या काट्यांची जोडी, वाघनखांसारखी. आत शिरता येतं; बाहेर पडताना ती धरते.

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला वाघाटीच्या फळांच्या भाजीने सोडायचा, ही हवालदार सावंतांच्या घरची रीत. ते कुडाळचे. द्वादशीच्या सकाळी फळं तोडून आणायची परवानगी मागायला आले.

"दहा मिनटां, मॅडम."

मी दिली. सोबत नाईक पवारला वायरलेस सेट घेऊन पाठवलं. वेळ आठ चाळीस. नऊ वाजले तरी दोघे परतले नाहीत. मी दोनदा तंबूबाहेर येऊन पाहिलं.

नऊ पाचला सेट खरखरला.

"कॅम्प, सावंत नाल्यात घसरले. ओव्हर."

"जिवंत?"

"जिवंत. वेलीत अडकलेत. पाणी चढतंय. ओव्हर."

दोन जवान आणि रोप, म्हणजे जाड दोर, घेऊन मी पोचले, तेव्हा पाणी सावंतांच्या छातीला लागलं होतं. काटे दंडात, मानेत रुतलेले. पवारने कोयता उगारलेला.

"थांब! वेल तोडलीस तर ते वाहून जातील. आधी रोप."

"मॅडम, मानेतून रक्त येतंय!"

"दिसतंय मला. रोप!"

खालून सावंत ओरडले, "तिका तोडू नको रे! तिनाच माका धरल्यान हा!"

गाठ बसायला चार मिनिटं लागली. मी घड्याळाकडे पाहत राहिले. त्यांच्या मानेकडे पाहवत नव्हतं.

नऊ एकतीसला ते काठावर आले. खिशात पाच हिरवी फळं शाबूत होती. मी चिमट्याने काटे काढले. दुपारी भाजी झाली. कडू होती. वाटीभर मलाही आली.

पुढे दर आषाढी द्वादशीला त्यांचं पोस्टकार्ड यायचं : 'मॅडम, वाघाटी मिळाली काय?' मी बाजारातून आणायची, खायची आणि मगच उत्तर लिहायची.

तिसऱ्या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही. पवारचं पत्र आलं. उत्तर सीमेवर गस्त घालताना सावंत बर्फाच्या उतारावरून घसरले. रोप टाकायला वेळ मिळाला नाही, असं त्याने लिहिलं होतं.

तेवढ्या उंचीवर काही उगवत नाही. उतार खालपर्यंत मोकळा होता.